मग दुपारी काय करायचे?

विज्ञानकथा वाचणारा म्हातारा हा आमच्या सोसायटीत थोडासा थट्टेचा विषय आहे. पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाने सकाळी गच्चीवर फेऱ्या माराव्यात, संध्याकाळी बाकावर बसून रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे एकमेकांना सांगावीत आणि वाचायचेच झाले तर दासबोध वाचावा, असा तिथला अलिखित नियम आहे. माझ्या हातात यंत्रमानवाचे चित्र असलेले पुस्तक दिसले की बाकावरची मंडळी विचारतात, "काय, नातवाचं पुस्तक पळवलंत वाटतं?" मी काही उत्तर देत नाही. कारण खरे उत्तर लांबलचक आहे, आणि बाकावर फार वेळ बोलणाऱ्या माणसाच्या शेजारची जागा हटकून रिकामी राहते.

ते उत्तर इथे देतो. दिवाळी अंकाच्या वाचकाला फराळाच्या ताटावरून उठण्याची घाई नसते.

पहिली गोष्ट म्हणजे ही आवड परक्याची उसनी आणलेली नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ साली 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक कोणी नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मागाहून कळले की आद्याक्षरे उलटी करून लपलेले हे गृहस्थ म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. त्याच नारळीकरांनी पुढे बुद्धिमान यंत्रमानवावर कादंबरी लिहिली आणि तिचे नाव ठेवले 'वामन परत न आला'. बलिप्रतिपदा साजरी करणाऱ्या आपल्या लोकांना त्या नावातली खोच समजावून सांगायला नको. तीन पावलांपुरतीच जागा मागणाऱ्या बटूचे पुढे काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट अशी की, या कथांतले यंत्रांचे बंड मला फारसे भावत नाही. पोलादी हात, लाल डोळे, जग जिंकण्याची भाषा असला मजकूर आला की मी पाने उलटतो. भस्मासुराची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली असते. मला खिळवून ठेवतो तो दुसराच प्रश्न. समजा, यंत्र मुळीच बंड करीत नाही. सांगितले ते सगळे वेळेवर, नीट, न कुरकुरता करते. मग माणसाने करायचे काय?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटण्याआधी बँकेत भेटला.

मी १९७२ साली एका बँकेत कारकून म्हणून चिकटलो. त्या काळी खातेदाराचा सगळा संसार जाडजूड लेजरांत हाताने लिहिलेला असे. जमा एका रकान्यात, नावे दुसऱ्यात, शिल्लक तिसऱ्यात. जूनअखेर आणि डिसेंबरअखेर सहामाहीचे बॅलन्सिंग येई. म्हणजे हजारो खात्यांच्या शिलकांची बेरीज करायची आणि ती मुख्य खतावणीतल्या आकड्याशी पैशापर्यंत जुळवायची. जुळली तर घरी. नाही जुळली तर चहा, भजी आणि पुन्हा पहिल्या पानापासून.

आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब हे या विद्येतले जुन्या घराण्याचे गवई होते. हातात निळी पेन्सिल. रकान्यावरून त्यांचे बोट वरून खाली सरसर उतरे, ओठ हलत नसत, आणि बोट तळाला पोचले की कागदावर बेरीज पडे. फरक लागला तर ते सगळ्यांत आधी त्या फरकालाच ९ ने भागून पाहत. भाग गेला की म्हणत, "आकडे उलटे पडलेत. छत्तीसचे त्रेसष्ट कुठे झाले ते शोधा." ३६ ऐवजी ६३ लिहिले की फरक २७ चा, शेजारशेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नेहमीच ९ ने पुरा भाग जातो, ही त्यातली युक्ती. रात्री साडेदहाला चारशेव्या पानावरच्या त्या त्रेसष्टावर बोट ठेवताना भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर जे काही उमटे, ते मी पुढे फक्त तंबोरे जुळल्यावर बैठकीतल्या गवयाच्या चेहऱ्यावर पाहिले.

१९८४ साली रंगराजन समितीने बँकांत यंत्रे आणण्याचा आराखडा दिला, संघटनांच्या वाटाघाटी झाल्या, आणि १९८८ च्या सुमारास आमच्या शाखेत लेजर लिहिणारे यंत्र येऊन बसले. त्यामुळे आमच्यापैकी कोणाची नोकरी गेली नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. पगार तोच, खुर्ची तीच, डोक्यावरचा करकरणारा पंखाही तोच. भाऊसाहेबांनी एक महिना यंत्राच्या छापील कागदावरच्या बेरजा हाताने पडताळून पाहिल्या. एकही चूक निघाली नाही. महिना संपल्यावर त्यांनी निळी पेन्सिल खणात टाकली आणि चेकबुके देण्याचे टेबल मागून घेतले. निवृत्तीला चार वर्षे होती. ती त्यांनी कशी काढली हे सांगण्यासारखे नाही. वाईट असे काहीच घडले नाही, म्हणूनच सांगण्यासारखे नाही. सकाळी येत, चेकबुके देत, संध्याकाळी जात. कोणी बेरजेचा विषय काढला तर हसून म्हणत, "आता त्याचं काय!"

भाऊसाहेब निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानात आयझॅक असिमॉव्हच्या कथांचा एक फाटका संग्रह माझ्या हाती लागला. त्यात १९५८ साली प्रथम प्रसिद्ध झालेली 'द फीलिंग ऑफ पॉवर' ही कथा होती. काळ दूर भविष्यातला. सगळी गणिते यंत्रे करतात, आणि गुणाकार हातानेही करता येतो हेच माणसे पार विसरून गेली आहेत. ऑब नावाच्या एका हलक्या दर्जाच्या तंत्रज्ञाला जुन्या यंत्रांच्या रचनेवरून कागदावर गुणाकार करण्याची रीत पुन्हा सापडते. त्याला थेट सेनापतींसमोर उभे करतात. तो आकडे मांडतो, हातचे घेतो, उत्तर काढतो. मोठमोठे अधिकारी आपल्या खिशातल्या यंत्रावर ते ताडून पाहतात आणि थक्क होतात. आपल्या लोकांना हे वाचताना हसू येते. ज्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी करत औटकीपर्यंत मजल मारली आणि अडखळल्याबद्दल छड्या खाल्ल्या, त्यांना गुणाकाराचे एवढे कौतुक कसले?

पण हसू फार वेळ टिकत नाही. सेनापतींना ही विद्या आवडते, ती माणसाचा मोठेपणा दिसला म्हणून नव्हे. अग्निबाणात बसवायला यंत्र महाग पडते आणि माणूस स्वस्त पडतो, एवढाच त्यांचा हिशेब. आपल्या शोधाचे हे काय होते आहे ते पाहून बिचारा ऑब जीव देतो. आणि त्याच्या अंत्यविधीला उभा असलेला एक बडा अधिकारी मनातल्या मनात नऊ साते करून पाहतो. उत्तर येते त्रेसष्ट. यंत्राला न विचारता आलेले! त्याला एकदम अंगात बळ आल्यासारखे वाटते.

त्रेसष्ट! असिमॉव्हला आमच्या भाऊसाहेबांचा आकडा कोणी सांगितला होता कोण जाणे. दुकानातच उभ्याउभ्या मी ती कथा दोनदा वाचली आणि संग्रह घेऊन घरी आलो. त्या दिवसापासून मी हा असा बिघडलो आहे.

आता थोडे मागे, १९२० सालाकडे. त्या वर्षी कारेल चापेक नावाच्या झेक लेखकाने 'आर. यू. आर.' हे नाटक प्रसिद्ध केले. जानेवारी १९२१ मध्ये ते प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर आले. 'रोबो' हा आज शाळकरी पोराच्या तोंडी असलेला शब्द जगाला या नाटकाने दिला. शब्द मात्र कारेलचा नव्हे, त्याच्या भावाचा. नाटकातल्या कृत्रिम कामगारांना काय म्हणावे म्हणून कारेल विचारायला गेला, तेव्हा चित्रकार योसेफ तोंडात कुंचला धरून रंगकाम करत होता. त्याने तसेच पुटपुटत हा शब्द सुचवला, अशी हकीकत कारेलनेच १९३३ साली वर्तमानपत्रात लिहून ठेवली आहे. झेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे कुळांनी जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचे ते काम. तिकडे ते १८४८ साली बंद झाले.

मी या लेखाच्या कच्च्या प्रतीत 'रोबोटा म्हणजे सक्तीचे श्रम' असे लिहिले होते. आमच्या सूनबाईने ते वाचले आणि पेन्सिलीने खोडून वर एकच शब्द लिहिला: वेठ. तो वाचल्यावर मला पुढे स्पष्टीकरण देण्याची गरजच उरली नाही. आपल्याकडे वेठबिगार कायद्याने बंद व्हायला १९७६ साल उजाडावे लागले. यंत्रमानव या भारदस्त शब्दाऐवजी आपण 'वेठ्या' म्हटले असते, तर चापेक जास्त खूश झाला असता, असे मला वाटते.

चापेकचे हे वेठे लोखंडी नाहीत. एका बेटावरच्या कारखान्यात कणीक मळावी तसा एक पदार्थ मळून त्यांची मांसाची शरीरे तयार होतात. ज्या रोसुमच्या नावाने कारखाना चालतो, त्या नावातही थट्टा आहे. झेक भाषेत 'रोझुम' म्हणजे बुद्धी. कारखान्याचा संचालक डोमिन हा मोठा स्वप्नाळू माणूस. त्याला पैसा नको आहे. जगातले सगळे कष्ट वेठ्यांवर टाकायचे, माणसाला पोटाच्या गुलामीतून सोडवायचे, मग माणूस फक्त स्वतःला घडवत राहील, असे तो मनापासून मानतो. त्याच्याच कारखान्यात आल्क्विस्ट नावाचा बांधकामाचा प्रमुख आहे. हा वयस्क गृहस्थ काळजीने फार बेचैन झाला की थापी घेऊन परांचीवर चढतो आणि विटा रचतो. हाताखाली हजारो वेठे असताना स्वतः विटा रचतो! कामात आणि थकण्यातही काहीतरी चांगले होते, असे तो डोमिनला सांगू पाहतो. डोमिन ते उडवून लावतो.

दहा वर्षे जातात आणि जगात मुले जन्माला येईनाशी होतात. इतर कुठल्याही कथेतल्या यंत्रांच्या हल्ल्यापेक्षा हे एक वाक्यभर कारण मला अधिक भयंकर वाटते: माणसाची आता कुठेच गरज उरलेली नाही, म्हणून निसर्गाने पुरवठा थांबवला. वेठ्यांचे बंड त्यानंतर येते. ते आले नसते तरी चालले असते.

आता इथे आल्क्विस्टची बाजू घेऊन कष्टाचे गोडवे गायला मी मोकळा आहे, आणि दिवाळी अंकात ते शोभूनही दिसेल. पण माझी आई मला तसे करू देत नाही.

आई १९४४ साली लग्न होऊन सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात आली. घरात तेरा माणसे. पहाटे चारला उठून जात्यावर ज्वारी दळायची, मग पाणी, मग चूल. शहरातल्या लेखकांनी जात्यावरच्या ओव्यांवर किती हळवे लिहिले आहे! मीही एकदा कॉलेजात असताना तिला त्याबद्दल विचारले. ती म्हणाली, "ओव्या कसल्या रे, हात भरून यायचे म्हणून म्हणायच्या. गावात पिठाची गिरणी आली ना, त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली." पुढे वर्षभर गिरणीच्या इंजिनाचा पुकपुक आवाज ऐकला की तिला माहेरचा माणूस आल्यासारखे वाटे. ती डोमिनला भेटली असती तर तिने त्याला हळदीकुंकवाला बोलावता येत नाही म्हणून निदान चहा तरी पाजला असता. ज्यांनी कधी वेठ वाहिली नाही तेच तिचे गोडवे गातात. चापेकचा आल्क्विस्ट मोठ्या हुद्द्यावर होता, हे विसरू नये. त्याला परांचीवरून हवे तेव्हा खाली उतरता येत होते.

आणि हीच माझी आई दुसऱ्या बाबतीत डोमिनला दारातून परत पाठवती.

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी तिने लिखित जपाला सुरुवात केली. चौकोन आखलेल्या वह्या, लाल शाईचे पेन, एका चौकोनात एकदा 'श्रीराम'. दुपारची जेवणे उरकली की ती खिडकीपाशी चटईवर बसे आणि चहाच्या वेळेपर्यंत लिही. माझ्यातल्या कारकुनाने हिशेब केला होता. दिवसाला एक हजार नावे धरली तरी एक कोटी व्हायला सत्तावीस वर्षे आणि काही महिने लागतात. तिला मी हे सांगितले नाही; पण धाकट्या भावाचा मुलगा तेव्हा नवीन कॉम्प्युटर शिकत होता, त्याने सांगितले. वर तोडगाही सुचवला. "आजी, मी तुला एका आठवड्यात कोटी छापून देतो. हवं तर लाल शाईत."

आजीला त्याचे कौतुकच वाटले. ती म्हणाली, "देशील रे, तू हुशार आहेस. पण मग मी दुपारी काय करू?"

ही गोष्ट मला दर वेळी आठवते ती आर्थर क्लार्कची 'द नाइन बिलियन नेम्स ऑफ गॉड' ही कथा वाचताना. १९५३ सालची ही कथा. तिबेटातल्या एका मठातले लामा तीनशे वर्षे देवाची सर्व संभाव्य नावे लिहून काढत आहेत. अशी नावे नऊशे कोटी असावीत असा त्यांचा अंदाज आहे. हाताने हे काम पुरे व्हायला पंधरा हजार वर्षे लागतील. म्हणून ते अमेरिकेतून एक गणकयंत्र भाड्याने आणतात. यंत्र ते काम शंभर दिवसांत उरकणार असते. सोबत आलेल्या दोन तंत्रज्ञांना ही सगळी गंमतच वाटते. मग कळते की, ही नावे लिहून पुरी करण्यासाठीच माणूस निर्माण झाला, आणि ती पुरी झाली की सृष्टीचे प्रयोजन संपले, अशी लामांची श्रद्धा आहे. काही घडले नाही तर लामा आपल्यावर चिडतील या भीतीने तंत्रज्ञ काम संपण्याच्या रात्री तट्टांवर बसून मठातून सटकतात. वाटेत ते वर पाहतात, तर आकाशातले तारे गाजावाजा न करता एकेक करून विझत असतात.

ही कथा बहुतेकांना शेवटच्या धक्क्यासाठी आवडते. मला नवल वाटते ते लामांचे. त्या साधूंना यंत्राचे वावडे मुळीच नाही! तीनशे वर्षे बोरू घासून झाल्यावर ते शांतपणे विद्युतयंत्र मागवतात, कारण त्यांना काम व्हायला हवे आहे. माझ्या आईला काम व्हायला नको होते, तिला ते करायला हवे होते. क्लार्कच्या हिशेबाने पाहिले तर तिने विश्वाचे आयुष्य जरा लांबवलेच म्हणायचे. ती चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेली तेव्हा वह्या मोजल्या. एकेचाळीस लाखांच्या वर भरल्या. शेवटच्या वहीत अर्धे पान रिकामे होते.

मधेच एक अंमळ वेगळी गोष्ट सांगतो, कारण ती राहून जाईल. सत्यजित राय यांची 'अनुकूल' नावाची बंगाली कथा आहे. कलकत्त्यातले निकुंजबाबू घरकामाला यंत्रमानव ठेवतात. देताना दुकानदार दोन गोष्टी बजावतो: याच्यावर हात उगारायचा नाही, आणि याला एकेरी हाकारायचे नाही, बंगालीत नोकराला सर्रास वापरतात तो 'तुई' याला खपत नाही. पुढे एक तापट काका पाहुणे येतात, रवींद्रनाथांचे गाणे चुकीचे गातात, अनुकूल ते दुरुस्त करतो, काका हात उगारतात आणि विजेच्या धक्क्याने संपतात. त्यांची मालमत्ता, तोवर कफल्लक झालेल्या निकुंजबाबूंना मिळते. कथा वाचून आमची सौ. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "यंत्राला तुम्ही म्हणायचं, मग आपल्या भांडी घासायला येणाऱ्या बाईंना आपण काय म्हणतो हो?" हल्ली ती दोघांनाही 'तुम्ही' म्हणते, मोबाइलमधल्या आवाजालासुद्धा. नातू हसतो. हसू दे.

आता सूनबाईकडे येतो, कारण हा लेख खरे तर तिच्यामुळे लिहायला घेतला. ती इंग्रजीतून मराठीत भाषांतराचे काम करते. औषधांच्या घड्या, विम्याचे फॉर्म, मिक्सर-गीझरची माहितीपत्रके. कुणाचे नाव होत नाही असले काम, पण तिने त्यावर घराचा निम्मा हप्ता फेडला आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत बुद्धिमान यंत्रे आली आणि काम देणाऱ्यांचा सूर बदलला. आता भाषांतर यंत्र करते. तिने फक्त तपासायचे, आणि तपासण्याचा दर पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. परवा यंत्राने लिहून पाठवले होते, 'मिक्सर कोरडा पळवू नका.' आम्ही सगळे पोट धरून हसलो. तीही हसली, पण मग म्हणाली, "बाबा, दोन वर्षांपूर्वी असल्या चुका पानापानाला असायच्या. आता दहा पानांत एक सापडते. अजून दोन वर्षांनी मी काय तपासू?"

मला भाऊसाहेबांचा तो पडताळणीचा महिना आठवला. तिला मी ते सांगितले नाही.

त्याऐवजी मी तिला आईची गोष्ट सांगितली. दुपारी काय करू, ही. तिने शांतपणे ऐकून घेतली. ती म्हणाली, "आजींची गोष्ट वेगळी होती, बाबा. त्यांच्या जपावर घराचा हप्ता नव्हता." याला मजजवळ उत्तर नाही. विज्ञानकथांतही नाही. त्या कथांतली माणसे प्रयोजन शोधायला दूरच्या ग्रहांवर जातात, विश्वाच्या अंताशी जातात. पण महिन्याच्या पाच तारखेला त्यांना हप्ता भरायचा नसतो. असिमॉव्हनेच काय तो हिशेब मांडला, आणि तोही माणूस स्वस्त पडतो एवढाच. सूनबाईलाही आज काम मिळते आहे ते ती चांगली आहे म्हणून, की स्वस्त आहे म्हणून? ती हा प्रश्न विचारत नाही. मीही विचारत नाही.

तिने माझ्याकडून 'आर. यू. आर.'चे इंग्रजी भाषांतर वाचायला नेले ते आठ दिवसांनी परत केले. चाळताना पाहिले, तर समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी शब्द लिहिलेले. एका जागी तीन शब्द लिहून दोन खोडलेले. पहिला प्रवेश जवळजवळ पुरा झालेला. कोणी सांगितले नव्हते, कोणी पैसे देणार नव्हते, आणि यंत्राने तेच नाटक चहा उकळायच्या आत करून दिले असते. मी काही बोललो नाही. पुस्तक पुन्हा तिच्या टेबलावर नेऊन ठेवले.

नाटकाच्या शेवटावरून मात्र आमचा वाद झाला. बंडात वेठे सगळ्या माणसांना मारतात आणि एकट्या आल्क्विस्टला सोडतात. का, तर तो हातांनी काम करतो, विटा रचतो. म्हणजे तो त्यांच्यातलाच. वेठे घडवण्याची कृती ज्या कागदांत होती ते डोमिनच्या बायकोने आधीच जाळून टाकलेले असतात, तेव्हा आता वेठेही झिजून संपणार. ते आल्क्विस्टला विनवतात की ती कृती पुन्हा शोध. त्याला ते जमत नाही. तो थकून कोचावर झोपी जातो आणि कोणाच्या तरी हसण्याने जागा होतो. हसणारी एक वेठ्या मुलगी असते, सोबत एक वेठ्या मुलगा; एकमेकांसाठी जीव द्यायला तयार झालेले. म्हातारा ओळखतो की जग पुन्हा सुरू झाले. त्यांना निरोप देतो. पडदा.

"पण दुसऱ्या दिवशी आल्क्विस्ट काय करतो?" मी विचारले. "त्याचं चापेकने काहीच लिहिलेलं नाही. मला वाटतं, तो थापी घेऊन परांचीवर गेला असेल."

"कोणासाठी विटा रचायला? राहणार कोण त्या घरात?"

"त्या दोघांना घर लागेलच की."

सूनबाईने थोडा विचार केला. म्हणाली, "आधी तो मनसोक्त झोपला असेल, बाबा. नाटकात त्याला कोणी धड झोपूच देत नाही." आणि ती उठली. सकाळपर्यंत तिला चाळीस पाने तपासून द्यायची होती.